लगतच्या कब्जेदाराला नोटीस

गेल्या बुद्ध पौर्णिमेला आमच्या विहारात माझ्या खांद्यावर शाल घालण्यात आली. वक्ते निवृत्त मुख्याध्यापक होते आणि माझ्याविषयी पंधरा मिनिटे बोलले. त्यांच्या म्हणण्यानुसार, मुरुमच्या संगणक केंद्रात लष्करासाठी चाललेले काम मी अहिंसेच्या तत्त्वावर नाकारले, एका बलाढ्य कंपनीला माघारी धाडले आणि बारा मुलींना त्या पापातून सोडवले. भर सभेत शाल परत करणे मला शोभले नसते, म्हणून मी ती घेतली. पण त्या तीन विधानांपैकी एकही खरे नाही. मी सैन्याच्या विरोधात नाही. माझा सख्खा पुतण्या सैन्यात आहे. कंपनी कुठेही माघारी गेली नाही. आणि आम्हाला सोडवा, असे त्या मुलींपैकी एकीनेही मला कधी म्हटले नव्हते.

बाजारात हीच गोष्ट वेगळी ऐकू येते. आडत दुकानांसमोर बसणाऱ्या मंडळींच्या मते, पेन्शन खाणाऱ्या म्हाताऱ्याने फुकटचा शहाणपणा करून केंद्र बंद पाडले आणि पोरींची चांगली कामे घालवली. तिसरी आवृत्ती माझ्या धाकट्या भावाची. तो सांगतो की मला पडद्यावरचे दिसेनासे झाले होते आणि ते लपवण्यासाठी मी तत्त्व पुढे केले. माझ्या दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झालेली आहे आणि लांबचे मला भावापेक्षा स्वच्छ दिसते, एवढे नोंदवून ठेवतो. मोजणीत हद्दीचा वाद झाला की आम्ही कोणाच्याही तोंडी सांगण्यावर जात नसू. मूळ दगड शोधून तिथून पुन्हा साखळी धरत असू. इथेही तसेच करतो.

मी छत्तीस वर्षे जमिनीची मोजणी केली. उमरग्यापासून कळंबपर्यंत असा तालुका नाही की जिथल्या बांधांवरून मी चाललो नाही. निवृत्तीनंतर काही वर्षांनी मुरुमला खतांच्या दुकानावरच्या मजल्यावर एक केंद्र सुरू झाले. काम असे, की संगणकावर आकाशातून घेतलेली छायाचित्रे येत. मुलींनी त्यांतल्या वस्तूंभोवती चौकटी ओढून प्रत्येक चौकटीला नाव द्यायचे: बैल, ट्रॅक्टर, विहीर, कडब्याची गंज. अशा लाखो चौकटी पाहून यंत्र स्वतः ओळखायला शिकते, असे केंद्रचालकाने समजावून दिले. तो उमरग्याचा तरुण अभियंता होता, वागायला नम्र. चौकटी बरोबर आहेत का हे तपासायला त्याला वरून जमीन वाचता येणारा माणूस हवा होता. माझे नाव त्याला माझ्या पुतणीने सुचवले.

ही पुतणी म्हणजे धाकट्या भावाची मुलगी. बी.एस्सी. झालेली, आणि त्या बारा जणींची प्रमुख. नोकरी आहे तोवर लग्नाचा विषय काढणार नाही, असे भावाने तिला सांगितले होते. नोकरी सुटली तर सोलापूरकडचे एक स्थळ तयारच होते. हे घरात सर्वांना ठाऊक होते, मलाही. पुढच्या सगळ्या प्रकरणात ही एक गोष्ट कायम पणाला लागलेली होती, आणि मुख्याध्यापकांच्या भाषणात नेमका तिचाच उल्लेख नव्हता.

प्रत्येक बॅच संपली की पडद्यावर एक ओळ येई: वरील सर्व चित्रे मी तपासली आहेत. तिच्याखाली मी माझे नाव टाइप करायचे आणि मंजूर म्हणायचे. केंद्रातले सगळे याला ‘बटण दाबणं’ म्हणत. मी त्याला सही म्हणत असे. ज्याच्या नावावर कागद पुढे जातो त्याची ती सही, मग शाई असो वा नसो.

पहिल्या बॅचमध्ये शेतीच होती. दुसऱ्या बॅचमध्ये मला जाणवले की ही जमीन आपली नाही. बांध मातीचे नव्हते, दगडी भिंतींसारखे होते. शेते उतारावर पायऱ्यांसारखी चढत गेली होती आणि पाट भलत्याच दिशेने वळत होते. तिसऱ्या बॅचमध्ये शेतांपेक्षा रस्ते अधिक होते, आणि रस्त्यांवर वाहने आणि माणसे. या तिन्ही बॅचवर मी माझे नाव टाकले. मला कोणी फसवले, असे मी म्हणणार नाही. फसलेल्या माणसाला दिसत नाही. मला दिसत होते, पण मी विचारले नाही. निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी कोणीतरी खुर्ची पुढे सरकवून ‘तात्या, हे बघा बरं’ म्हणत होते, आणि ते मला आवडत होते. शाल देणाऱ्यांना हा भाग माहीत नव्हता, असे नाही. तो मी त्यांना आधीच सांगितला होता. त्यांनी तो गाळला.

चौथ्या बॅचबरोबर नावांची नवी यादी आली. तिच्यात बैल नव्हते, विहीर नव्हती. रस्त्याकडेला वाकलेली किंवा उकिडवी बसलेली दोन वा अधिक माणसे दिसली तर लाल चौकट करायची आणि ‘धोका’ असे नाव द्यायचे, अशी सूचना होती. त्याच बॅचमध्ये ते चित्र होते. कच्चा रस्ता, सकाळच्या लांब सावल्या, आणि रस्त्याच्या कडेला वाकलेली तीन माणसे. रस्त्यात अर्ध्यापर्यंत चर खणलेला.

ढोकीकडून येणाऱ्या एका मुलीने शेऱ्याच्या रकान्यात ‘पाइपलाइन’ असे लिहिले होते. मी तिला कारण विचारले.

“पाइप टाकायलेत की, तात्या. आमच्याकडं असंच करतेत. सकाळी उठून रस्ता अर्धा खांदायचा, पाइप घालायचा, बुजवायचा, मग उरलेला अर्धा. कुणी बघायच्या आत.”

शेजारची म्हणाली, “पाइप कशाचा गं? टमरेल दिसंना का तुला?”

सगळी खोली हसली. पुतणीने त्या मुलीला दटावले, पण तीही हसत होती. हसू ओसरल्यावर मी चित्र मोठे करून पाहिले. टमरेलाचा प्रश्न निकाली निघाला. तसा बसणारा माणूस चर खणत नाही. पाइपलाइनबाबत मात्र ढोकीची मुलगी चुकीची आहे, असे म्हणायला मला काही सापडेना. कारखान्याच्या पट्ट्यात विहीर रस्त्याच्या एका अंगाला आणि ऊस दुसऱ्या अंगाला, हे नेहमीचे. परवानगीला महिने लागतात, म्हणून लोक पहाटे रस्ता कापतात. अर्धा कापतात, कारण दूधवाला उरलेल्या अर्ध्यातून गेला पाहिजे. अशा किती आडव्या भेगा मी नकाशावर घेतल्या असतील, याची गणती नाही. ती तीन माणसे पाइप टाकत होती असे मी आजही छातीठोकपणे सांगत नाही. ती सुरुंगही पेरत असतील. चित्रावरून ते सांगता येत नव्हते, एवढेच मला सांगता येत होते. पण त्या यादीत ‘सांगता येत नाही’ असे नाव नव्हते.

मी केंद्रचालकाला विचारले, हे काम कोणासाठी? आधी त्याने गोपनीयतेचा करार पुढे केला. मग दार लोटून म्हणाला की लष्करासाठी. कोणाच्या लष्करासाठी, याचे उत्तर त्यालाही माहीत नव्हते. “आपलंच असणार की, तात्या,” असे म्हणून तो थांबला. मी त्याला त्या दगडी भिंती आणि तो उतार दाखवला. त्याने ते पाहिले आणि चित्र बंद केले. शेऱ्याचा रकाना यापुढे रिकामा ठेवायचा आहे, असा निरोप मग त्याने मुलींना दिला. त्या तिथे निबंध लिहितात, अशी कंपनीची तक्रार आली होती.

आता नोटिशीविषयी लिहितो, कारण ज्याला ते समजले नाही त्याला माझे वागणे हट्ट वाटते. जमीन मोजायची तर जो अर्ज करतो त्याला मोजणीची तारीख ठाऊकच असते. नोटीस लागते ती लगतच्या कब्जेदाराला, म्हणजे बांधापलीकडच्या माणसाला. तो आला नाही तरी काम थांबत नाही. पण त्याला कळवलेच नव्हते असे पुढे निघाले, तर नकाशा कितीही अचूक असो, मोजणी उभी राहत नाही. रेघ एकाच्या अर्जावर ओढली जाते आणि कापते दुसऱ्याला, म्हणून हा नियम. मुख्याध्यापकांनी भाषणात इथे माझ्या वडिलांची वतनी जमीन आणली. ती मोजली गेली तेव्हा वडिलांना नोटीस नव्हती आणि तिचा तुकडा बांधापलीकडे गेला, हे खरे आहे. त्या जखमेतून माझा नकार आला, हे खरे नाही. माझ्या बरोबरीचे लिंगायत, मराठा, मुसलमान मोजणीदारही नोटीस लागल्याशिवाय साखळी उलगडत नसत. त्यांच्या वडिलांचे काही गेलेले नव्हते. तो कामाचा नियम होता, माझे दुःख नव्हते. आमच्या माणसाने काही नीट केले की लोकांना त्यामागे दुःखच का शोधावेसे वाटते, हे मला अजून समजलेले नाही.

मी चौथी बॅच अडवून ठेवल्यावर पुण्याहून कंपनीचा एक अधिकारी आला. चाळिशीचा, साधा, मला ‘सर’ म्हणणारा. तो खोटे बोलला नाही, हे मी मुद्दाम लिहितो, कारण विहारातल्या गोष्टीत त्याला आता राक्षस केले आहे. त्याने कंपनीचे धोरण दाखवले. त्यात इंग्रजीत लिहिले होते की यंत्र फक्त सुचवते; शेवटचा निर्णय माणूसच घेतो. मी ते शब्दकोश घेऊन दोनदा वाचले. ते चांगले लिहिलेले होते.

“बटण माणूसच दाबतो, सर,” तो म्हणाला.

“तो जागेवर जाऊन पाहतो का?”

“तेवढा वेळ नसतो.” मग त्याने स्वतःच भर घातली, “तेवढा वेळ नसतो, म्हणून तर हे यंत्र.”

मी त्याला माझा अनुभव सांगितला. माझ्या नकाशावरून वरिष्ठांचे आदेश निघत. आदेशाखाली सही त्यांची असे, आणि त्यांनी ते शेत आयुष्यात पाहिलेले नसे. कागदोपत्री निर्णय त्यांचा. बांध कुठे पडला हे मात्र मी साखळी ताणली तेव्हाच ठरलेले असे. त्यामुळे शेवटचा माणूस निर्णय घेतो, हे वाक्य मी छत्तीस वर्षे दुसऱ्या टोकाकडून पाहिलेले आहे. लाल चौकट ओढणारी ढोकीची मुलगी आणि तिच्याखाली नाव घालणारा मी, आमच्यानंतर त्या तीन माणसांविषयी नवे काही कळण्याची सोयच नव्हती. त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाला की हे काम आम्ही सोडले तर दुसरी कंपनी घेईल, आणि तिच्याकडे हे धोरणसुद्धा नसेल.  हेही खोटे नव्हते.

खरा वाद पुतणीशी झाला, आणि तो केंद्रात नव्हे, भावाच्या अंगणात. तिचा थोरला भाऊ, म्हणजे माझा तो सैन्यातला पुतण्या, त्या वेळी सुट्टीवर आलेला होता. भाऊ ज्वारी निवडत बसला होता आणि आमच्याकडे लक्ष नसल्यासारखे दाखवत होता.

“तात्या, माझा भाऊ असल्याच रस्त्यानं गाडीतून जातो,” ती म्हणाली. “त्या तिघांनी खरंच काई पुरलं असलं तर? तुमी नोटिशीचं धरून बसलाव. त्याला कोण नोटीस देणाराय?”

हा प्रश्न तिने विचारला, हे विहारातही सांगितले जात नाही आणि बाजारातही. मला तो सगळ्यांत अवघड गेला. मी पुतण्याकडे वळलो आणि रस्त्याकडेला वाकलेला माणूस दिसला तर तुम्ही काय करता, असे विचारले. तो सहसा नोकरीविषयी बोलत नाही. त्या दिवशी बोलला.

“आधी लांबून आवाज देतो. हात वर कर म्हणतो. बहुतेक वेळा कुणीतरी म्हातारं असतंय, कायतरी गोळा करायलेलं.” त्याने बहिणीकडे पाहिले. “आन् पडद्यावर आधीच लाल दाखवलेलं असलं ना, तर माणूस आवाज द्यायचा इसरतो. मी बी इसरंन.”

“म्हंजे नको का तुला ते यंत्र?” तिने विचारले.

“पाहिजे की. न्हाय कोण म्हणतंय. माझा जीव हाय त्यात.” आणि तो निवडून झालेल्या ज्वारीचे सूप उचलून आत गेला.

कोणाला यातून सरळ बोध काढायचा असेल तर त्याने काढावा. मला तो निघाला नाही. सैन्यात असलेल्या माणसाला ते यंत्र हवे होते आणि त्याची भीतीही वाटत होती, आणि दोन्ही एकाच श्वासात. मला ठरवायचे होते ते इतकेच, की ज्या गोष्टीची मी शहानिशा केलेली नाही, तिच्याखाली मी शहानिशा केली असे लिहायचे की नाही. इतर सगळे प्रश्न माझ्यापेक्षा मोठे होते. हा माझ्या मापाचा होता.

भावाने ज्वारीतून मान वर केली आणि पहिल्यांदा तोंड उघडले. म्हणाला, “तुजी सही ऱ्हाऊ दे तुज्यापाशी. हिची नोकरी गेली तर सोलापूरला मी कळवणार.” ती तिथेच उभी होती. तिने माझ्याकडे पाहिले नाही, आणि मला सही करा असेही म्हटले नाही.

दुसऱ्या दिवशी मी केंद्रात गेलो आणि माझ्या नावाऐवजी कोऱ्या कागदावर मराठीत लिहून दिले: ‘प्रत्यक्ष जागा पाहिलेली नसल्याने आणि संबंधित इसमांस कळवण्याची कोणतीही व्यवस्था नसल्याने या बॅचची पडताळणी करता येत नाही. यापूर्वीच्या तीन बॅचवरील माझी मंजुरीही याच कारणाने सदोष समजावी.’ खाली सही केली, शाईने. केंद्रचालकाने तो कागद दोन्ही हातांनी घेतला. त्याचे काय करायचे हे त्याला कळत नव्हते. मुली आपापल्या पडद्याकडे पाहत होत्या. जिना उतरताना मला ‘तात्या, या परत’ असे कोणी म्हटले नाही. तशी अपेक्षाही नव्हती.

केंद्र बंद पडले, ही आडत दुकानांसमोरची गोष्ट खोटी आहे. ती बॅच आठवडाभरात दुसऱ्या जिल्ह्यातल्या केंद्रात मंजूर झाली, असे मला केंद्रचालकानेच नंतर सांगितले. मुरुमला दुसरे काम आले: दुकानांच्या फळ्यांवरच्या डब्यांभोवती आणि टोमॅटोंभोवती चौकटी. ते काम कमी होते, म्हणून चार मुलींना कमी केले. ढोकीची मुलगी त्यांत होती. तेवढ्यापुरते बाजाराचे म्हणणे बरोबर आहे, आणि मी ते मान्य करतो. तिच्या घरी जाऊन तिच्या आईसमोरही मी हे मान्य केले. आईने चहा दिला. मुलगी बाहेर आली नाही.

पुतणीला कमी केले नाही. कंपनीने तिला पुण्याला बोलावले, त्याच विभागात, माझ्याच जागी म्हणता येईल अशा खुर्चीवर: तपासणारी म्हणून. सोलापूरचे स्थळ मागे पडले. निघण्याआधी ती माझ्याकडे आली. आशीर्वादाला आली असे भाऊ सांगतो. ती भांडायला आली होती.

“तुमी उठून आलाव,” ती म्हणाली. “ती फाईल थांबली का? न्हाय थांबली. जिथं गेली तिथं पाइप वळखणारं बी कुणी नसंल. मी बसले तर एक तर असंल.”

मी म्हणालो, “आणि ओळखून काय करशील? रकाना रिकामा ठेवायचा आहे.”

“रकाना मागून घेईन.”

“दिला नाही तर?”

“तर तवा बघू. तुमी आधी तीन सह्या केल्याव, मग उठलाव. मला बी तीन करू द्या.”

मला राग आला, आणि तो राग बरोबर नव्हता हेही त्याच वेळी कळले. तिचे म्हणणे मला पटले नाही. आजही पटत नाही. आत बसलेला माणूस हळूहळू आतलाच होतो, हे मी चांगल्या चांगल्या माणसांचे होताना पाहिले आहे. पण मी उठल्याने त्या तीन माणसांचे काही भले झाले, असा पुरावाही माझ्याकडे नाही. मी तिला एवढेच सांगितले की जे दिसत नाही ते दिसले असे लिहू नकोस. ती म्हणाली, हे तुम्ही मला शाळेत असल्यापासून सांगता. मग वाकून नमस्कार केला आणि गेली. भावाने पाहिला तो हा नमस्कार असावा.

ती रविवारी फोन करते. कामाविषयी बोलायचे नाही, असा तिचा कंपनीशी करार आहे. मी विचारत नाही. गेल्या महिन्यात मात्र बोलता बोलता तिने विचारले, “तात्या, उभ्या पिकाच्या मधोमध दुपारी पंचवीस-तीस माणसं कशाला जमत असतील? बाया, लेकरं, म्हातारी, सगळी. मधी एक झोपडीवानी हाय.”

हे विचारणे करारात बसते की नाही, मला माहीत नाही. उत्तर देणे माझ्या त्या शाईच्या कागदात बसते की नाही, याचाही मी थोडा विचार केला. मग म्हणालो की आमच्याकडे हे येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला होते. त्या दिवशी अख्खा जिल्हा घरांना कुलपे लावून रानात असतो, कडब्याची कोप म्हणजे खोपटी करतो, आंबील पितो, जो बांधावरून जाईल त्याला हात धरून जेवायला बसवतो. आणि दिवस कलताना पेटता पलिता घेऊन पिकाभोवती फिरतो. वरून पाहणाऱ्याला ते कसे दिसत असेल, याचा मी त्याआधी कधी विचार केला नव्हता.

“पण ही आपली माणसं न्हाईत,” ती म्हणाली.

“मग त्यांचा सण वेगळा असेल. किंवा मयत असेल. किंवा वाटणी. विहिरीला पाणी लागले तरी लोक जमतात.”

“थांबा, लिहून घेते. आणखी?”

मी सांगत गेलो. बराच वेळ सांगितले.